ओल्या रानात तहानेनं मरणारा हरभरा

प्रश्न : औशाजवळ आमचं दोन एकर हरभऱ्याचं रान आहे. महिन्याभराची हिरवी झाडं माना टाकताहेत, पाणी दिलं तरी उठत नाहीत. काय करू?

उत्तर : ताई, जादा पाणी आधी थांबवा. सुकतं झाड मुळासकट उपटा, खोड चाकूनं उभं चिरा. आत काळपट तपकिरी रेघ दिसली की मर रोग. फ्युजेरियम ही बुरशी पाणी वर नेणाऱ्या नळ्याच बुजवते. माझ्या वडिलांचं अर्धं रान असंच गेलं. चिरलेलं ते खोड अजून डोळ्यांसमोर आहे. रोगट झाडं जाळा. बुरशी जमिनीत 6 वर्षंही टिकते, म्हणून तिथं आता ज्वारी घ्या. पुढं हरभरा कराल तेव्हा मर रोगाला तोंड देणारं विजय किंवा दिग्विजय वाण घ्या, किलोभर बियाण्याला 5 ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी मित्रबुरशी) चोळूनच पेरा.