ज्वालामुखीवरचा पहारा : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

या वेळी आलेले बरेचसे प्रश्न एकाच शंकेभोवती फिरतात. ज्वालामुखीवर वर्षानुवर्षं नजर ठेवून हाती काय लागतं? म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

प्रश्न : भूकंप कधी होणार हे आधी सांगता येत नाही. मग उद्रेकाचा अंदाज कसा बांधतात?

शिलारसाला, म्हणजे जमिनीखालच्या वितळलेल्या खडकाला, वर यायला वाट काढावी लागते, आणि ती काढताना तो गुपचूप राहू शकत नाही. खडक फोडतो, जमीन फुगवतो, वायू सोडतो. या तिन्ही गोष्टी मोजता येतात. खडक तडकला की भूकंपमापकाच्या आलेखावर टोकदार रेघ उमटते आणि लगेच विरते. त्याच भेगांतून वायू आणि शिलारस वाहू लागले की आलेखाचं रूप पालटतं. धक्क्याची सुरुवात नेमकी कुठे झाली ते कळत नाही, लाटा रुंद आणि संथ होतात. कधी त्या एकमेकींत मिसळून तासन्‌तास एकसारखी थरथर चालू राहते. जमीन किती फुगली ते जीपीएस आणि उतारमापक सांगतात, वायूचं प्रमाण प्रकाशाचं पृथक्करण करणारा वर्णपटमापक.

फिलिपिन्समधला पिनातुबो सुमारे पाचशे वर्षं शांत होता. 2 एप्रिल 1991 रोजी त्यातून वाफेचे स्फोट झाले, आणि तिथल्या ज्वालामुखी व भूकंपशास्त्र संस्थेने घाईघाईने उपकरणं बसवली. काही आठवड्यांत अमेरिकी भूशास्त्रीय सर्वेक्षणाचे शास्त्रज्ञही येऊन मिळाले. मेच्या मध्याला सल्फर डायऑक्साइड दिवसाला सुमारे 500 टन बाहेर पडत होता, महिन्याच्या अखेरीस तो 5,000 टनांवर गेला. मग जूनच्या सुरुवातीला एकदम घसरला. हा आकडा पाहून कुणालाही वाटेल, चला, टळलं. तिथल्या शास्त्रज्ञांना मात्र धडकी भरली. वायूची वाट बुजली असेल तर आत दाब साचतोय, असा त्याचा अर्थ होता. 7 जूनला डोंगराच्या कुशीत घट्ट लाव्हाचा घुमट वर आला आणि धोक्याची कक्षा वाढवत नेली गेली. 15 जूनला विसाव्या शतकातला दुसऱ्या क्रमांकाचा मोठा उद्रेक झाला, तोवर हजारो कुटुंबं बाहेर पडलेली होती. या इशाऱ्यांमुळे किमान 5,000 जीव वाचले असा अंदाज आहे.

तरीही त्या दिवशी माणसं गेली. नेमकं त्याच दिवशी चक्रीवादळ येऊन थडकलं. कोरडी राख छपरावर साचते तेव्हाच जड असते, भिजली की ओल्या सिमेंटसारखी होते. त्या दिवशीचे बहुतेक बळी कोसळलेल्या छपरांखाली सापडले. तेव्हा अंदाज म्हणजे तारीख-वार असलेलं भाकीत नव्हे. शक्यता वाढतेय की कमी होतेय, एवढंच सांगता येतं, आणि त्यातून हातात वेळ मिळतो.

प्रश्न : यंत्रं असूनही हजारोंचे जीव गेल्याची उदाहरणं आहेत. मग त्यांचा उपयोग काय?

कोलंबियातल्या नेवादो देल रुइसचं उदाहरण तुमच्या मनात असावं. 13 नोव्हेंबर 1985. धोक्याचा नकाशा महिनाभर आधीच तयार होता आणि त्यात आर्मेरो हे गाव चिखलाच्या लोंढ्याच्या वाटेवर स्पष्ट दाखवलं होतं. दुपारी गावावर राख पडली, तरी लोकांना घरातच शांत राहायला सांगण्यात आलं. रात्री नऊनंतर उद्रेक झाला, तोही फार मोठा नव्हता. पण शिखरावरचं बर्फ वितळलं, पाण्याने वाटेतली माती-दगड उचलले आणि तो लोंढा दऱ्यांतून खाली सुटला. आर्मेरोला पोहोचायला त्याला सुमारे अडीच तास लागले. सुमारे 23,000 माणसं मेली. उंचवट्याची जागा गावातून चालत जाण्याइतकी जवळ होती.

मला सर्वांत जास्त सलतात ते मधले अडीच तास. धोका कागदावर होता, तो ओट्यावर बसलेल्या माणसापर्यंत पोहोचला नाही. यंत्रापासून त्या माणसापर्यंतची साखळी कुठेही तुटली की बाकीचं सगळं वाया जातं, आणि ती बहुधा शेवटच्या कडीपाशी तुटते.

या घटनेनंतर, 1986 मध्ये, अमेरिकेने बोलावणं आलं की उपकरणं घेऊन निघेल असं एक फिरतं पथक उभं केलं. पिनातुबोला धावून गेलेलं पथक हेच. तिथे त्यांनी आणखी एक गोष्ट केली. गरम राखेचा लोट आणि चिखलाचा लोंढा कसा असतो, हे अधिकाऱ्यांना आणि रहिवाशांना चित्रफितीतून दाखवलं. आलेख पाहून न हललेले लोक ती दृश्यं पाहून हलले. ती चित्रफीत तयार करणारे मॉरिस क्राफ्त आणि त्यांच्या पत्नी कातिया 3 जून 1991 रोजी जपानच्या उन्झेन ज्वालामुखीवर अशाच एका गरम राखेच्या लोटात मरण पावले, पिनातुबोच्या मोठ्या उद्रेकाच्या बारा दिवस आधी.

प्रश्न : गाव रिकामं केलं आणि काहीच झालं नाही तर? पुढच्या वेळी लोक विश्वास ठेवतील का?

असं घडलेलं आहे. कॅरिबियन समुद्रातल्या ग्वाडेलूप बेटावर 1976 मध्ये सुफ्रिएर ज्वालामुखी खदखदू लागला आणि सुमारे 70,000 लोकांना हलवलं. शाळा, शेती, धंदे महिनोन्‌महिने ठप्प. शास्त्रज्ञ आपसांत जाहीरपणे भांडले. वाफेचे स्फोट होत राहिले, पण शिलारस वर आलाच नाही.

निर्णय घेणाऱ्यांना दोष द्यायला मी तयार नाही. शेजारच्या मार्टिनिकवर 1902 मध्ये पेले ज्वालामुखीने सेंट पिएर हे शहर काही मिनिटांत संपवलं होतं आणि सुमारे 28,000 लोक मेले होते. ती आठवण पाठीशी असताना थांबा-बघू कोण म्हणेल? चूक झाली ती आधी. त्या डोंगरावर पुरेशी उपकरणं नव्हती, त्यामुळे आत ताजा शिलारस आहे की नुसतं तापलेलं पाणी, हे कुणालाच ठामपणे सांगता येईना. विश्वासाचं म्हणाल तर माणसं चुकलेला अंदाज समजून घेतात. काय माहीत आहे आणि काय नाही हे त्यांच्यापासून लपवलं, तर मात्र ती पुन्हा ऐकत नाहीत.

प्रश्न : बोगदा खणून ज्वालामुखीचा दाब आधीच मोकळा करता येणार नाही का?

नाही. शिलारसाचा साठा कित्येक किलोमीटर खोल आणि अवाढव्य असतो, आपलं छिद्र त्यापुढे टाचणीइतकंही नाही. पण विवरातलं पाणी काढता येतं. इंडोनेशियातल्या केलुडच्या विवरात तळं होतं. 1919 च्या उद्रेकात ते उसळून चिखलाचे लोंढे सुटले आणि सुमारे 5,000 लोक मेले. त्यानंतर बोगदे खणून तळ्याची पातळी खाली आणली गेली.

प्रश्न : शेकडो वर्षं झोपलेल्या ज्वालामुखीवर उपकरणं लावणं हा खर्च परवडतो का?

चिलीतला चायतेन असाच झोपलेला समजला जात होता. त्याच्या जवळपास भूकंपमापक नव्हता. मे 2008 मध्ये तो फुटला, तेव्हा जाणवण्याजोगे धक्के सुरू होऊन जेमतेम दीड दिवस झाला होता. पायथ्याचं गाव नंतर राख-चिखलाखाली गाडलं गेलं. लोकांना वेळेवर बोटींतून हलवता आलं, हे नशीब.

शांततेच्या काळातल्या नोंदी मला म्हणूनच मोलाच्या वाटतात. एरवी रोज किती धक्के बसतात, जमीन ऋतूनुसार किती वर-खाली होते, हे ठाऊक नसेल तर आजचे तीस धक्के जास्त की नेहमीचे, हे ठरवायचं कशावरून? रडार उपग्रह जमिनीची सेंटिमीटरभर हालचालही टिपतात. पण ते काही दिवसांतून एकदा वरून जातात, आणि खालचे छोटे धक्के त्यांना ऐकू येत नाहीत. डोंगरावर चार-पाच भूकंपमापक लागतातच.

प्रश्न : राखेमुळे विमानं का थांबवतात?

ही राख चुलीतल्या राखेसारखी नसते. सूक्ष्मदर्शकाखाली तिचे कण काचेच्या धारदार कपच्यांसारखे दिसतात. इंजिनाच्या उष्णतेत ते वितळतात आणि त्यामागच्या टर्बाइनच्या पात्यांवर चिकटतात. 1982 च्या जूनमध्ये जावातल्या गालुंगगुंगच्या राखेत शिरलेल्या प्रवासी विमानाची चारही इंजिनं बंद पडली. ते बरंच खाली आल्यावर पुन्हा सुरू झाली आणि विमान जकार्ताला उतरलं. आज जगभरात अशी नऊ केंद्रं आहेत जी राखेचा मार्ग वैमानिकांना कळवतात.

प्रश्न : जागृत ज्वालामुखीवर चढाईला जायचं आहे. सतर्कतेची पातळी सर्वांत खालची आहे. निर्धास्त जावं का?

जा, पण निर्धास्त नको. शिलारस वर न येताही नुसत्या तापलेल्या पाण्याची वाफ होऊन स्फोट होतो, आणि त्याची चाहूल फार उशिरा लागते. 27 सप्टेंबर 2014 ला, शनिवारी दुपारी बाराच्या सुमारास जपानच्या ओंताकेवर हेच घडलं. शरदातले रंग बघायला आलेल्यांची शिखरावर गर्दी होती. आधीचे दोन आठवडे छोटे धक्के वाढले होते, पण स्पष्ट थरथर सुरू झाली ती स्फोटाच्या जेमतेम दहा-अकरा मिनिटं आधी. 63 जण मृत किंवा बेपत्ता झाले. म्हणून हेल्मेट न्या, आडोसा कुठे आहे ते चढतानाच पाहून ठेवा आणि विवराच्या काठावर रेंगाळू नका. त्या दिवशी ओंताकेची पातळी एक, म्हणजे सर्वांत खालची होती आणि त्या पातळीचं तेव्हाचं अधिकृत नाव होतं ‘नेहमीसारखं’. पुढच्या वर्षी जपानने ते बदललं. आता तिथे लिहिलेलं असतं, ‘हा जागृत ज्वालामुखी आहे, हे ध्यानात ठेवा’.