पियानोवादक चौफेर कसा घडतो?

प्रश्न : माझी मुलगी चौदा वर्षांची असून गेली सहा वर्षे पियानो शिकत आहे. परीक्षेला नेमलेल्या तीन रचना ती वर्षभर घोटते आणि छान वाजवते, पण अनोळखी स्वरलिपी समोर ठेवली की अडखळते. चौफेर वादकाची तयारी कशी होते, हे एखाद्या उदाहरणाने सांगाल का?
— एक पालक, नाशिक

उत्तर : तुमच्या मुलीची अडचण मला फार महत्त्वाची वाटते, कारण तीन रचनांतली सफाई आणि संगीताची जाण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या संदर्भात मला सोव्हिएत पियानोवादक स्व्यातोस्लाव रिख्तर (१९१५–१९९७) आठवतो. युक्रेनमधल्या ओडेसा शहरात वाढलेल्या या मुलाचे वडील ऑर्गन आणि पियानो वाजवत. पण मुलाने स्केल्स (स्वरांचे चढते-उतरते क्रम) घोटण्याऐवजी हाती लागतील ती ऑपेरांच्या, म्हणजे पाश्चात्त्य संगीतनाटकांच्या, स्वरलिपीची बाडे पियानोवर वाचून काढली, आणि विशीच्या आतच तो ऑपेराच्या तालमींना साथ करू लागला. तालमीत गायक कुठे श्वास घेईल, कुठे रेंगाळेल याचा नेम नसतो. त्यामुळे नजर कागदावर, कान गायकाकडे आणि हात पुढच्या मात्रेवर ठेवणे साथीदाराच्या अंगवळणी पडते.

१९३४ मध्ये त्याने ओडेसात केवळ शोपँ या संगीतकाराच्या रचनांची पहिली मैफल केली. मॉस्कोला हाइनरिख नॉयहाउस यांच्याकडे तो रीतसर शिकायला गेला, तो मात्र १९३७ मध्ये. म्हणून गुरूची गरज नव्हती असे कृपया समजू नये. नॉयहाउस यांनी त्याच्या हातांतला ताठरपणा घालवला, नाद मोकळा केला आणि शांततेची किंमत शिकवली. संगीतकार लिस्टचा बी मायनर सोनाटा (एकल वाद्यासाठीची दीर्घ रचना) सुरू करण्यापूर्वी रिख्तर पियानोपुढे निश्चल बसून मनातल्या मनात तीसपर्यंत अंक मोजत असे, आणि श्रोते अस्वस्थ होईपर्यंत थांबून मगच पहिला स्वर लावत असे.

वाचनाची ती जुनी सवय पुढे कामी आली. संगीतकार प्रोकोफिएव्ह यांचा सातवा सोनाटा त्याने चार दिवसांत बसवला आणि जानेवारी १९४३ मध्ये मॉस्कोत प्रथम सादर केला. एकल वादनाइतक्याच आस्थेने त्याने रोस्त्रोपोविच यांच्या चेलोला, ओइस्त्राख यांच्या व्हायोलिनला आणि फिशर-डीस्काऊ यांच्या गायनाला साथ दिली. उतारवयात तर तो अंधाऱ्या सभागृहात, फक्त कागदावर पडणाऱ्या लहानशा दिव्याच्या उजेडात, स्वरलिपी समोर ठेवूनच वाजवत असे. पाठांतर म्हणजेच पांडित्य, असे त्याने मानले नाही.

मुलीच्या रियाजातली रोजची पंधरा मिनिटे अनोळखी, तिच्या परीक्षेपेक्षा बऱ्याच सोप्या रचनांसाठी राखून ठेवा. लय अगदी संथ असू द्या. पण चूक झाली तरी मागे न फिरता पान संपेपर्यंत जायचे, हे पथ्य तिने कटाक्षाने पाळावे. गाणारी किंवा व्हायोलिन वाजवणारी एखादी मैत्रीण असेल, तर आठवड्यातून एकदा तिला साथ करू द्या.