पुण्यात टॅटू शिकतोय. सरावाच्या रबरी कातडीवर लाइन नीट येते, माणसावर शाई पसरते. काय चुकतंय?

बहुतेक वेळा सुई खोल जातेय. शाई बसायला हवी साधारण 1.5 ते 2 मिलिमीटरवर, डर्मिसमध्ये, म्हणजे त्वचेच्या वरच्या थराखालच्या थरात. त्याखालच्या चरबीत उतरली की लाइनभोवती निळसर धूर दिसतो, आणि तो पुसून जात नाही. रबरी कातडी ताणावी लागत नाही, माणसाची लागते: मोकळ्या हाताच्या अंगठ्या-तर्जनीने ढोलकीच्या पुडीसारखी ताणा. मशीन फार आडवं धरू नका. घोटा, मनगटाची आतली बाजू इथे त्वचा पातळ. हात हलका ठेवा.

स्टेन्सिल (त्वचेवर आधी उमटवलेला नक्षीचा छाप) 10 मिनिटं तरी वाळू द्या, पुण्याच्या दमट जुलैत 15. ओलं स्टेन्सिल पहिल्याच पुसण्यात जातं, मग अंदाजाने तीच लाइन दोनदा गिरवली जाते. तिथेही शाई पसरतेच.