‘टेन्शन बिन्शन काही नव्हतं’ असंच सगळे सांगणार

तुम्ही लिहिलंय की एमएसडब्ल्यूच्या प्रबंधासाठी बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या विद्यार्थ्यांकडून आणि दवाखान्यात काम करणाऱ्यांकडून पीएचक्यू-९ हा नैराश्य तपासायचा नऊ प्रश्नांचा फॉर्म भरून घेतला, पण कोविडच्या ताणाचा मागमूसच लागला नाही. लोक लपवतायत का?

लपवत नाहीत. तो फॉर्म गेल्या दोन आठवड्यांचं विचारतो. २०२० ची झोप आज त्यात कशी सापडणार? त्या काळाचं हवं असेल तर फॉर्म बाजूला ठेवा आणि एकेका दिवसाबद्दल विचारा.

मी तेव्हा इथल्याच एका हॉस्पिटलात स्टाफ नर्स होते. ‘ताण होता का’ विचारलं असतंत तर ‘छे, ड्यूटीच ती’ म्हणून मोकळी झाले असते. पण पीपीई चढवल्यावर पाण्याचं काय करायचात, पाळी आली की काय करायचात, असं विचारा, मग बघा. शेजारणीनं माझ्या दारावरून जाणं सोडलं, ते मला वॉर्डातल्या मरणांपेक्षा जास्त दिवस सलत राहिलं. सांगायला लाज वाटते, पण तसंच आहे.

आशाताईंचं आणखी वेगळं. मुंबई-पुण्याहून परतलेल्यांची नावं लिहायला गेल्या की भावकीच अंगावर यायची, ‘आमचंच नाव बरं दिसलं तुला?’ जुलै २०२० मध्ये कर्नाटकातल्या आशांनी महिना १२ हजार मानधनासाठी काम थांबवलं होतं. त्यांच्याशी बोलणं मानधनापासून सुरू करा, घोर आपोआप बाहेर येईल.

विद्यार्थ्यांत आपल्या सीमाभागाची एक गोष्ट बाहेरच्या प्रश्नावलीत कधीच नसते. २०२१ ला महाराष्ट्रानं दहावीची परीक्षा रद्द केली, कर्नाटकानं १९ आणि २२ जुलैला घेतली. म्हणजे सीमेपलीकडे महाराष्ट्रातल्या चंदगडचा मामेभाऊ पेपर न देता पास, आणि इथलं पोर मास्क लावून सहा विषयांचे पेपर दोन दिवसांत देतंय. त्यात खानापूरच्या जंगलाकडच्या गावांत रेंज नाही, ऑनलाईन तासाला मोबाईल घेऊन टेकाडावर जायचं. त्या पोरांना ‘मामेभावाचं ऐकून काय वाटलं’ एवढंच विचारा.

नर्सिंगच्या मुलींना कुठल्या गटात घातलंत? त्या विद्यार्थीही आणि वॉर्डातही. माझ्या मते सगळ्यात जास्त भरडल्या त्याच, आणि दोन रकाने केलेत तर नेमक्या त्याच निसटतील. बोलणं मराठीतच होऊ द्या. वॉर्डात कन्नड बोलणारी मुलगीसुद्धा रडते घरच्या भाषेत.

एक मात्र आजच करा. जमा झालेल्या फॉर्मांतला नववा प्रश्न पुन्हा बघा. तो मरणाच्या, स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. बाकी बेरीज कितीही कमी असली तरी तिथं शून्याखेरीज काही दिसलं, तर आधी तुमच्या मार्गदर्शकांना सांगा, मग त्या व्यक्तीला स्वतः भेटा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, रात्रीही लागतो. नुसता कागदावर लिहून देऊ नका, तिच्या शेजारी बसून लावून द्या.