शेत कसणाऱ्या बटाईदाराला पीएम किसानचे पैसे का मिळत नाहीत?

कारण योजना सातबारा बघते, घाम बघत नाही. पीएम किसानचे वर्षाला ६,००० रुपये, २,००० च्या तीन हप्त्यांत, ज्याच्या नावावर जमीन त्याच्याच खात्यात जातात. राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे आणखी ६,००० रुपयेही त्याच यादीवरून मिळतात. त्यामुळे मालक पुण्यात राहत असला, तरी आयकर भरत नसेल आणि निकषांत बसत असेल तर तो लाभार्थी. बी-बियाणं, खत घालून निम्मं पीक वाटून देणारा बटाईदार मात्र बाहेर.

बायकांचंही तेच. खुरपणी, वेचणी त्यांची, उतारा नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर.

ठिबकच्या अनुदानात अडचण वेगळी आहे. तिथे सहसा आधी स्वतः पैसे घालून संच बसवायचा, तपासणी झाली की मग रक्कम खात्यात. ज्याच्याकडे आधीच पैसा किंवा उधारीची पत आहे, त्यालाच हे परवडतं. हे मला फार अन्यायाचं वाटतं.

बटाईदारासाठी पीक विम्याची वाट मात्र उघडी आहे. त्यासाठी नोंदणीकृत भाडेकरार लागतो, आणि मालक नेमका तोच करून द्यायला घाबरतो, कूळ लागेल, म्हणजे कसणारा जमिनीवर हक्क सांगेल, म्हणून. तरी एकदा विचारून बघा.