शनिवारी रात्री कंडोम फाटला, आज सोमवार, आता एचआयव्ही होऊ नये म्हणून काही करता येतं का?

हो, येतं, पण आत्ताच. तुम्ही लिहिलंय की शनिवारी रात्री ११ च्या सुमारास झालं आणि समोरच्या व्यक्तीने कधी टेस्ट केलीय की नाही माहीत नाही, म्हणजे औषध सुरू करायला तुमच्याकडे मंगळवार रात्री ११ पर्यंत वेळ आहे, संबंधापासून ७२ तास. पण म्हणून उद्या ऑफिस सुटल्यावर जाऊ असं अजिबात करू नका, जितकं लवकर तितकं चांगलं. आत्ता घरातून निघा, उरलेलं रिक्षात वाचा.

या औषधाला पेप म्हणतात. एचआयव्ही आत शिरला की लगेच सगळ्या शरीरात पसरत नाही, आधी तिथल्याच पेशींमध्ये, मग जवळच्या लसिका गाठींमध्ये जातो आणि त्याला दोन तीन दिवस लागतात, तेवढ्यात औषध रक्तात पोचलं तर त्याची वाढ तिथेच अडवता येते. १००% खात्री कोणी देत नाही हे खरंय, पण १९९७ मध्ये सुई टोचलेल्या हॉस्पिटल कर्मचाऱ्यांचा अभ्यास आला होता त्यात झिडोव्हुडिन या एकाच एचआयव्हीविरोधी औषधाने धोका ८१% कमी झालेला दिसला, आणि आता तर तीन औषधं एकत्र देतात.

मी हे स्वतः घेतलंय, तीन वर्षं झाली. आधी घराजवळच्या क्लिनिकमध्ये गेलो, तिथले डॉक्टर म्हणाले तीन महिन्यांनी टेस्ट करा मग बघू. मी घाबरलेलो, काही उलट विचारलं नाही, घरी येऊन पडून राहिलो. रात्री नर्सिंग केलेल्या मित्राला फोन केला तर तो अक्षरशः ओरडला, अरे टेस्टने झालाय का ते कळेल, होऊ नये म्हणून गोळी लागते आणि ती आज लागते. त्या एका सल्ल्यात माझे १४ तास गेले, त्याचा राग अजून आहे, म्हणून कुठेही असा प्रश्न दिसला की मी उत्तर लिहितोच.

सिव्हिल किंवा सरकारी मेडिकल कॉलेजच्या कॅज्युअल्टीत जा, ती रात्रीही चालू असते. सरळ सांगा, असुरक्षित संबंध आलाय, इतके तास झालेत, पेप हवंय. लाजेने अर्धवट सांगितलं की भलतीकडेच पाठवतात. हे फक्त स्टाफला सुई टोचली तर देतो असं म्हणाले तर वाद घालत बसू नका, एचआयव्हीचे पेशंट बघणाऱ्या प्रायव्हेट फिजिशियनकडून चिठ्ठी घ्या. रक्त घेतील, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, किडनीसाठी क्रिएटिनिन, पण पहिला डोस रिपोर्टसाठी थांबवायचा नसतो.

बहुतेक टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोलुटेग्राविर एकाच गोळीत मिळेल, रोज एक, २८ दिवस. एकही दिवस चुकवू नका, मी मोबाईलला अलार्म लावला होता. पहिला आठवडा मळमळ होती आणि झोप लागेना, मग डॉक्टरांना विचारून सकाळी नाश्त्यानंतर घ्यायला लागलो तेव्हा बरं वाटलं. ॲसिडिटीचं औषध, कॅल्शियम, लोहाच्या गोळ्या या गोळीसोबत घेऊ नका, औषध नीट शोषलं जात नाही. शुगरसाठी मेटफॉर्मिन, टीबीची किंवा फिटची औषधं चालू असतील तर आधीच सांगा, डोस बदलावा लागतो. आणि मेडिकलमध्ये ७२ तासांची गोळी म्हणून जी मिळते ती गर्भ राहू नये म्हणून असते, तिचा एचआयव्हीशी काही संबंध नाही, खूप जण इथे फसतात.

समोरची व्यक्ती एचआयव्हीचं औषध नियमित घेत असेल आणि व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) सतत शून्यासारखा येत असेल तर संबंधातून लागण होत नाही, तेव्हा पेप लागत नाही. पण तुम्हाला माहीतच नाहीये, मग ते ठरवण्यात वेळ घालवू नका, डॉक्टर ठरवतील.

नाव बाहेर जाईल ही भीती मलाही होती. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यात तुमच्या संमतीशिवाय टेस्ट करायला आणि माहिती बाहेर सांगायला मनाई आहे. नंतर मला दीड महिन्याने आणि परत तीन महिन्यांनी टेस्टला बोलावलं होतं, ती आयसीटीसीत, म्हणजे सरकारी एचआयव्ही समुपदेशन आणि टेस्ट केंद्रात, फुकट होते, दोन्ही निगेटिव्ह आल्या. तोपर्यंत कंडोम वापरा, रक्तदान करू नका. कुठे जायचं सुचत नसेल तर १०९७ या सरकारी एड्स हेल्पलाइनला फोन लावा, पैसे लागत नाहीत, तुमच्या गावाजवळचं सेंटर सांगतात.