वाचकांचे प्रश्न : कळफलक बदलावा का?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे टंकनाच्या कळफलकाविषयी निघाली. तिन्ही पत्रलेखकांची गरज निराळी असल्यामुळे उत्तरेही निराळी आहेत, म्हणून संपूर्ण सदर या एकाच विषयाला दिले आहे.

प्रश्न : मी ऐरोलीतील एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करते आणि दिवसाचे आठ-नऊ तास लॅपटॉपवर टंकन करते. दोन महिन्यांपासून उजवे मनगट दुखते. ‘नेहमीच्या इंग्रजी कळफलकाची क्वर्टी मांडणी सोडून कोलमाक शीक, दुखणे थांबेल आणि वेगही दुप्पट होईल,’ असे एक सहकारी सांगतात. दुसरे ड्वोरॅक या आणखी एका मांडणीची शिफारस करतात. मी काय करावे? — एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : आधी मनगटाविषयी. दोन महिने टिकलेले दुखणे डॉक्टरांना दाखवायला हवे, आणि रात्री बोटांना मुंग्या येत असतील तर विनाविलंब दाखवायला हवे. अक्षरांची मांडणी बदलणे हा त्यावरचा उपचार नव्हे. घरून काम करताना जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून, खांदे उचलून आणि मनगट टेबलाच्या कडेवर टेकवून टंकन होत असेल, तर कोणतीही मांडणी शिकली तरी मनगट त्याच कडेवर टेकणार. खुर्चीची उंची वाढवणे आणि वेगळा कळफलक जोडून पडदा डोळ्यांच्या पातळीवर आणणे, हे दोन बदल आधी करून पाहा.

वेग दुप्पट होण्याची गोष्ट मात्र सोडून द्या. क्वर्टी मांडणी क्रिस्टोफर शोल्स यांच्या टंकयंत्रासोबत आली आणि रेमिंग्टन कंपनीने ते यंत्र १८७४ साली बाजारात आणले. कळांकडे न पाहता दहा बोटांनी टंकन करण्याची पद्धत रूढ झाली ती त्यानंतर. बोटांच्या सोयीचा विचार मांडणीत मुळातच कमी पडला, हा आक्षेप त्यामुळे खरा आहे. मधल्या ओळीत, जिथे बोटे विसावतात तिथे, ‘ए’ हा एकच स्वर आहे. ऑगस्ट ड्वोरॅक आणि विल्यम डीली यांनी १९३६ साली ज्या मांडणीचे पेटंट घेतले, तिच्यात पाचही स्वर डाव्या हाताखाली मधल्या ओळीत आणले आणि उजव्या हाताखाली डी, एच, टी, एन, एस ही सतत लागणारी व्यंजने ठेवली. बोटांचा प्रवास त्यामुळे निश्चितच कमी होतो. परंतु प्रवास कमी झाला म्हणून वेग त्याच प्रमाणात वाढत नाही. अमेरिकी सरकारच्या सामान्य सेवा प्रशासनासाठी १९५६ साली अर्ल स्ट्राँग यांनी केलेल्या चाचणीत, ड्वोरॅक शिकणाऱ्या सराईत टंकलेखकांना आपला जुना वेग परत मिळवण्यासाठीच रोज चार तास याप्रमाणे पंचवीसहून अधिक दिवस लागले, आणि त्यापुढे क्वर्टीवरच सराव करणाऱ्यांच्या तुलनेत त्यांना फायदा झाल्याचे दिसले नाही. या चाचणीवरही पुढे पक्षपाताचे आरोप झाले, तरी दुप्पट वेगाचा दावा इतका सहज सिद्ध होणारा नाही, एवढे त्यातून नक्की कळते.

मग बदल करूच नये का? हात कमी शिणावेत, एवढीच अपेक्षा ठेवून करायचा असेल तर जरूर करावा. तुमच्या कामासाठी मी कोलमाक सुचवीन. शाय कोलमन यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेली ही मांडणी क्वर्टीपेक्षा केवळ १७ कळांनी वेगळी आहे. कापणे, नक्कल करणे आणि चिकटवणे यांसाठी लागणाऱ्या एक्स, सी, व्ही या कळा जागच्या जागी राहतात आणि आज्ञावली लिहिताना क्षणोक्षणी लागणारे कंसही हलत नाहीत. ड्वोरॅकमध्ये हे सारे विखुरते, स्वल्पविराम आणि पूर्णविरामसुद्धा जागा सोडतात. ड्वोरॅकची जमेची बाजू अशी की, ती विंडोजमध्ये पहिल्यापासून उपलब्ध असते. कोलमाक मात्र विंडोजच्या जुन्या आवृत्त्यांत बाहेरून बसवावी लागते, आणि कंपनीच्या लॅपटॉपवर त्याची मुभा आहे का, हे संबंधित विभागाला आधीच विचारलेले बरे. लॅपटॉप सुरू करताना पासवर्डच्या पडद्यावर कोणती मांडणी चालू असते, तेही पाहून ठेवा. पहिल्याच दिवशी चुकीचा पासवर्ड तीनदा देऊन खाते बंद पाडून घेणारे लोक मी पाहिले आहेत.

सराव रोज पंधरा-वीस मिनिटे पुरे, पण रोज हवा. कळांवर नवी अक्षरे चिकटवू नका, कारण मग नजर खाली जाण्याची खोड लागते. मांडणीचा छापील कागद पडद्याशेजारी लावा. पहिले दोन-तीन आठवडे तुम्हाला धड जुने येणार नाही आणि धड नवे येणार नाही, तेव्हा काम अंगावर आलेले असताना हा उद्योग आरंभू नका. ऐरोलीच्या गाडीत मोबाइलवर जे लिहिता, ते जुन्याच मांडणीत चालू द्या. अंगठ्यांची सवय वेगळी असते आणि ती दहा बोटांच्या आड येत नाही.

प्रश्न : वडिलांनी १९५२ ते १९६० या काळात लिहिलेल्या रोजनिशीच्या अकरा वह्या आमच्याकडे आहेत. त्या संगणकावर उतरवण्याचे काम निवृत्तीनंतर हाती घेतले आहे. मी रोमन अक्षरांत उच्चाराप्रमाणे लिहिते आणि संगणक त्याचे देवनागरी करतो. काम पुढे सरकते, पण दुरुस्त्या फार कराव्या लागतात. भाची म्हणते, ‘मावशी, इनस्क्रिप्ट ही थेट देवनागरीची मांडणी शीक.’ वयाच्या एकसष्टाव्या वर्षी हे जमेल का, आणि त्याने खरोखर फरक पडेल का? — एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : भाचीचे ऐका. इंग्रजीच्या बाबतीत वरच्या उत्तरात मी हात आखडता घेतला, इथे तसे करणार नाही. तुमच्या वह्या ज्या काळातल्या आहेत, तो काळच इनस्क्रिप्टच्या बाजूने साक्ष देतो.

मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ साली शासनाने स्वीकारले. त्याआधीच्या लेखनात ‘नाहीं’, ‘कां’, ‘घरें’, ‘केलें’ असे अनुच्चारित अनुस्वार सर्रास असत, आणि तुमच्या वडिलांच्या वह्यांतही ते पानोपानी असणार. रोमनातून देवनागरी करणारी अनेक साधने आजच्या शब्दांवर पोसलेली आहेत. तुम्ही ‘नाहीं’ लिहू पाहता आणि ते साधन तुमच्यावर उपकार केल्यासारखे ‘नाही’ पुढे करते. तुम्ही दुरुस्त करता, पुढच्या ओळीत पुन्हा तेच. शिवाय, तुमच्या नजरेतून सुटलेला अनुस्वार कुठे कुठे गळला, हे नंतर शोधायलाही जागा उरत नाही. इनस्क्रिप्टमध्ये संगणक काहीही ओळखू पाहत नाही. इंग्रजी एक्सच्या कळेवर अनुस्वार आहे, तो दाबला तर उमटतो आणि नाही दाबला तर उमटत नाही. ऱ्हस्व-दीर्घाचेही तसेच आहे. एफच्या कळेवर पहिली वेलांटी आणि आरच्या कळेवर दुसरी, निवड सर्वस्वी तुमची. वडिलांनी जे लिहिले ते अक्षरशः उतरवायचे असेल, तर मध्ये अदबीने सुधारणा करणारा कारकून नको.

शिकायला ही मांडणी वाटते तितकी अवघड नाही, कारण ती बाराखडीच्या तर्काने चालते. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली भारतीय लिप्यांसाठी कळफलकाचे मानक ठरवले आणि त्याची सुधारित आवृत्ती १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने आयएस १३१९४ या मानकात घेतली. स्वर आणि त्यांची चिन्हे डाव्या हाताला, बहुतेक व्यंजने उजव्या हाताला. एका कळेवर अल्पप्राण, तीच शिफ्टसह दाबली की महाप्राण. क च्या कळेवर ख, त च्या कळेवर थ, प च्या कळेवर फ. डाव्या हाताकडे काना, वेलांटी, उकार असे चिन्ह असेल, तर शिफ्टसह त्याच कळेवर त्याचा पूर्ण स्वर. ‘किती’ हा शब्द लिहून पाहा. उजव्या हाताने क, डाव्याने वेलांटी, उजव्याने त, डाव्याने वेलांटी, आणि चारांपैकी तीन कळा मधल्याच ओळीत. मराठी शब्दांत व्यंजन आणि स्वरचिन्ह आलटून-पालटून येतात, म्हणून दोन्ही हातही आलटून-पालटून चालतात. ड्वोरॅक यांनी इंग्रजीसाठी जे मुद्दाम घडवले, ते इथे लिपीच्या रचनेतूनच आपसूक मिळते.

जोडाक्षरासाठी डीच्या कळेवरचे हलन्त चिन्ह, म्हणजे अक्षराचा पाय मोडण्याची कळ, तेवढी लक्षात ठेवावी लागते. ‘पुस्तक’ लिहिताना स चा पाय मोडून त. एक खास मराठी अडचणही इथे सुटते. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतला फरक आपल्याकडे मोठा आहे, लग्नघरी तर फारच मोठा. रफार हवा असेल तर साधा र, हलन्त, य. दुसरे रूप हवे असेल तर जेची कळ शिफ्टसह दाबून मिळणारा ऱ, हलन्त, य. एक सूचना मात्र आवश्यक आहे. मराठी ‘ॲ’ला युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकातील अक्षरांच्या सर्वमान्य संकेतनात, स्वतंत्र स्थान २००८ साली मिळाले आणि काही कळफलकांवर अजून हिंदी पद्धतीचा ‘ऍ’च उमटतो. वह्यांत ‘ॲडव्होकेट’, ‘ॲसिड’ असे शब्द येतील, तेव्हा आपल्या संगणकावर कोणते रूप येते ते सुरुवातीलाच तपासा, म्हणजे पुढे शोध घेताना अर्धे शब्द निसटणार नाहीत.

विंडोजमध्ये भाषांच्या यादीत मराठी जोडली की इनस्क्रिप्ट मिळते, काही विकत घ्यावे लागत नाही. वयाची चिंता करू नका. मी स्वतः ठाणे स्टेशनजवळच्या एका टायपिंग क्लासात रेमिंग्टनवर, म्हणजे जुन्या मराठी टंकयंत्राच्या मांडणीवर, शिकलो आणि पन्नाशी उलटल्यावर इनस्क्रिप्टकडे वळलो. पहिले दहा दिवस एक पान लिहायला दीड तास लागे आणि चिडचिड होई. तीन आठवड्यांनी कागदाकडे पाहणे थांबले. शिकताना वहीतली पाने लगेच हाती घेऊ नका. मराठी ग्रंथसंग्रहालयातून, जे ठाण्यात १८९३ पासून आहे, त्याच काळातले एखादे पुस्तक आणा आणि त्यातले रोज एक पान उतरवा. जुन्या लेखनाचा हातालाही सराव होईल आणि वडिलांच्या वह्यांत प्रारंभीच्या चुका जाणार नाहीत.

प्रश्न : मी कळव्यात बावीस वर्षे डीटीपीचे काम करतो. हात रेमिंग्टनवर बसलेला आहे. आता ग्राहक युनिकोडमध्ये फाइल मागतात. त्यासाठी मला इनस्क्रिप्ट शिकणे भाग आहे का? मुलालाही लिपिक-टंकलेखक पदाची तयारी करायची आहे, त्याने कोणती मांडणी शिकावी? — एक वाचक, कळवा

उत्तर : भाग नाही. कळांची मांडणी आणि अक्षरांचे संकेतन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या जुन्या फॉन्टमध्ये क दिसतो खरा, पण फाइलच्या पोटात तिथे एखादे रोमन अक्षर किंवा चिन्ह असते, म्हणून दुसऱ्याच्या संगणकावर तो फॉन्ट नसला की मजकुराची भेळ होते. ग्राहक मागतात ते हे पोट बदलणे. रेमिंग्टनच्याच मांडणीतून युनिकोड उमटवणारी साधने मिळतात, तेव्हा बोटांची बावीस वर्षांची कमाई मोडू नका. जुन्या यंत्राप्रमाणे पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी दाबण्याची सवयही बहुधा तशीच चालेल. जुन्या फाइली परिवर्तकातून काढल्यावर मात्र रफार, पहिली वेलांटी आणि ‘ऱ्य’ असलेले शब्द डोळ्यांखालून घाला, चुका बहुतेक तिथेच दडलेल्या असतात.

मुलाची गोष्ट वेगळी आहे, कारण त्याचे हात अजून कोरे आहेत. एरवी मी डोळे झाकून इनस्क्रिप्ट सांगितले असते. परंतु या पदांसाठी मराठीत मिनिटाला ३० किंवा इंग्रजीत ४० शब्दांच्या वेगाचे प्रमाणपत्र लागते, आणि परीक्षा कोणत्या मांडणीवर द्यायची हे ती घेणारी संस्था ठरवते. त्याने क्लासचे शुल्क भरण्यापूर्वी परीक्षेचे माहितीपत्रक आणि पदाची जाहिरात दोन्ही समोर ठेवून वाचावीत, आणि क्लासात शिकवतात ती मांडणी तीच आहे का, हे चालकांकडून लेखी घ्यावे.